कॅप्स लॉकचा दिवा काय सांगतो

‘कॉम्प्युटर सुरूच होत नाही’ ही तक्रार तशी अर्धवट असते. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, की बटण दाबूनही काहीच हालचाल नाही? की सगळं दिसतंय, फक्त कीबोर्ड ऐकत नाही? हे तीन वेगळे आजार आहेत. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी कॅप्स लॉकचं बटण दोन-तीनदा दाबा आणि त्याच्या दिव्याकडे बघा.

हा दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. बटण दाबलं की कीबोर्ड फक्त त्या बटणाचा कोड कॉम्प्युटरला पाठवतो. दिवा लावायचा की विझवायचा हे कॉम्प्युटर ठरवतो आणि तसा हुकूम उलट कीबोर्डकडे येतो. म्हणजे स्क्रीन काळी असूनही दिवा लागत-विझत असेल, तर मशीन जिवंत आहे. दोष मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स कार्डात शोधा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना केबल मदरबोर्डच्या (मुख्य सर्किट बोर्डच्या) सॉकेटला लावलेली असणं, ही चूक फार नेहमीची. दिवा एकाच स्थितीत अडकून बसला असेल, तर मशीन गोठलंय किंवा सुरुवातीच्या तपासणीतच अडकलंय. सुरू करताना एकही दिवा क्षणभरसुद्धा चमकला नाही, तर कीबोर्ड दुसऱ्या पोर्टला लावून बघा. (वायरलेस कीबोर्डवर बरेचदा दिवाच नसतो. तेव्हा शेजाऱ्यांचा साधा वायरवाला आणा.)

पंखा फिरतो पण ‘डिस्प्ले येत नाही’, याचं ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यातलं पहिलं संशयित म्हणजे रॅम, मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये खोचलेलं मेमरीचं कार्ड. कोपरी, ऐरोली, वाशी हा सगळा खाडीकाठ. वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण घरात येतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. जुलैत डबीतल्या मिठाचं जे होतं, तेच रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बसलेल्या अदृश्य थराचं होतं. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. त्याच्या छिद्रांतून खालचा धातू गंजतो आणि संपर्क कच्चा होतो. डेस्कटॉपच्या डीडीआर४ प्रकारच्या रॅमला असे २८८ संपर्क असतात. त्यातला एखादा महत्त्वाचा सुटला तरी स्क्रीन काळीच राहते.

प्लग काढा, पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मग रॅम काढा. पट्ट्या पांढऱ्या मऊ खोडरबरानं हलकेच, एकाच दिशेनं पुसा. भुगा स्लॉटपासून लांब झटका. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर ते खोडरबरापेक्षा बरं. हँड सॅनिटायझर मात्र नको, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं. रॅम परत बसवताना ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबा. चार स्लॉट असतील आणि एकच रॅम लावून बघायची असेल, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. घाईनं बंद करू नका.

बटण दाबूनही काहीच हालत नसेल, तर आधी भिंतीचं सॉकेट आणि ढिलं एक्स्टेन्शन बोर्ड तपासा. मग एसएमपीएस, म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा कॅबिनेटमधला डबा. त्याचा २४ पिनांचा प्लग मदरबोर्डमधून काढून हिरवी आणि कोणतीही काळी वायर यू-पिननं जोडली की पंखा फिरला पाहिजे. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत, असं नाही. मल्टिमीटरवर पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात.

आता मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलबद्दल. सीआर२०३२, तीन व्होल्ट. कॉम्प्युटर बंद पण भिंतीचं बटण चालू असेल, तर आतलं घड्याळ एसएमपीएसच्या स्टँडबाय विजेवर चालतं. आपल्याकडे भिंतीचं बटण बंद करून झोपायची सवय. सवय चांगलीच, पण रात्रभर सगळा भार सेलवर येतो. सेल संपला की तारीख मागे जाते, ब्राउझर सुरक्षिततेच्या तक्रारी करतो आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज मूळ पदावर येतात. डिस्कशी बोलायची पद्धत (एएचसीआय की रेड), हीदेखील त्यातच बदलू शकते. मग विंडोज निळी स्क्रीन दाखवून सारखं रीस्टार्ट होतं आणि लोक विनाकारण हार्ड डिस्कला दोष देतात. मल्टिमीटरवर सेल २.७ व्होल्टच्या खाली दिसला तर बदला, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

विंडोजमध्ये कीबोर्ड चालतो, पण सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोस उघडत नाही? कारण बहुधा फास्ट बूट. दोन-चार सेकंद वाचवण्यासाठी बायोस यूएसबी उपकरणं ओळखायचं कामच टाळतं. ब्लूटूथ कीबोर्ड तर त्या टप्प्यावर सहसा चालतच नाही. मागच्या काळ्या यूएसबी पोर्टला वायरवाला लावा, किंवा बोर्डवर जांभळा गोल पीएस/२ पोर्ट असेल तर तो वापरा. फक्त तिथला प्लग मशीन बंद असतानाच लावायचा. विंडोज उघडत असेल तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून माउसनंही बायोसपर्यंत जाता येतं. जुने बायोस ‘कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा’ असं गंभीर चेहऱ्यानं सांगत, ते याच टप्प्यावर.

राहिला एक प्रकार: मशीन सुरू आहे, माउस चालतो, पण अक्षरं उमटत नाहीत, उमटलीच तर बटण सेकंदभर दाबून धरल्यावर. नवा कीबोर्ड आणला तरी तेच. वह्यांचा गठ्ठा किंवा लहान मुलाचा हात उजव्या शिफ्टवर आठ सेकंद राहिला की विंडोज ‘फिल्टर कीज सुरू करायचं का’ असं विचारतं, आणि नकळत ‘हो’ दाबलं गेलं की छोटे, पटकन दिलेले दाब दुर्लक्षिले जातात. उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद दाबून धरा, किंवा सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटीत जाऊन ते बंद करा आणि त्याचा शॉर्टकटही काढून टाका.