उधाण, उघाडी आणि पंचनामा

अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या पट्ट्यात, एका गावच्या शाळेच्या पडवीत सभा भरली होती. मागच्या कापडी फलकावर ‘हवामान न्याय’ असं लिहिलेलं. शहरातून आलेल्या पाहुण्यांनी तापमानवाढीचे आलेख दाखवले, टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतून एका आजोबांनी विचारलं, “ते सगलं बराय, पन बांध कोन बांधनार?”

मला वाटतं, त्या दिवशीचा सगळ्यात शास्त्रीय प्रश्न हाच होता.

इथली भातशेती उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात ठिकठिकाणी उघाड्या, म्हणजे पाणी बाहेर सोडायची झापांची दारं. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की उघाडीची झापं आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि पावसाचं साचलेलं पाणी खाडीत जातं. भरती चढू लागली की बाहेरच्या दाबाने तीच झापं घट्ट बसतात. ना वीज, ना इंजिन. मुंबई-अलिबागकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. मालवणकडे तो जवळपास निम्म्यावर येतो, कारण उत्तरेकडे समुद्राचा उथळ तळ रुंद होत जातो आणि लाटेसारखी येणारी भरती तिथे उंचावते. त्यामुळे रायगडात बांध फुटला तर पाणी नुसतं शिरत नाही, ते लोंढ्याने येतं आणि खांड, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, दर भरतीला रुंदावत जाते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकी त्यातून वीज सहज वाहते, म्हणून खारटपणा विद्युतवाहकतेने मोजतात. समुद्राच्या पाण्याची ती 50 डेसिसीमेन्स प्रतिमीटरच्या आसपास भरते. जमिनीच्या अर्काची, म्हणजे भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, वाहकता 3 च्या वर गेली की भाताचं उत्पन्न घसरू लागतं आणि पुढच्या प्रत्येक एककाला साधारण 12 टक्क्यांनी कमी होतं. मातीत मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढणं जड जातं. समोर पाणी असून रोप तहानलेलं राहतं. शिवाय पोटॅशियमच्या जागी सोडियम आत घुसतो आणि पेशींची कामं बिघडवतो. भाताचं बी रुजताना खारटपणा बऱ्यापैकी सोसतं, पण कोवळं रोप आणि फुलोऱ्यातलं पीक सोसत नाही. म्हणून खारेपाटात आधी दोन-चार जोरदार पाऊस पडू देतात. वरचा थर धुतला जातो, मगच लावणीचं बघायचं.

मग एवढ्या पावसाच्या कोकणात एका पावसाळ्यात सगळं मीठ धुऊन का जात नाही? मीठ जातं, पण सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. वरचं गोडं पाणी आलं की हे कण एकमेकांपासून सुटतात, मातीतली भोकं बुजतात आणि पाणी खाली मुरेनासं होतं. उन्हाळ्यात उलटा प्रवास सुरू होतो. खालचं खारं पाणी मातीतल्या बारीक वाटांनी वर चढतं, वाफ होऊन जातं आणि मीठ वर पांढरं फुटतं. एका रात्रीच्या खांडीने बिघडलेलं शेत ताळ्यावर यायला कित्येक पावसाळे लागतात ते यामुळे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत, पनवेल 1, 2 आणि 3. त्यांचा उपयोग आहेच. पण दररोज दोनदा भरतीखाली जाणाऱ्या शेतात कुठलंच बियाणं टिकत नाही.

आता समुद्राकडे बघू. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार 1993 ते 2015 या काळात उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला सरासरी 3.3 मिलिमीटरने चढली. तीस वर्षांचे दहा सेंटिमीटर. वीतभरही नाही, म्हणून पाहुण्यांच्या आलेखावर ते किरकोळ दिसतं. पण उघाडीच्या जागी उभं राहून विचार करा. आतलं पाणी बाहेर जायला ओहोटीचे मोजकेच तास मिळतात. बाहेरची पातळी जेवढी वर, तेवढा हा वेळ कमी. त्यात पाऊस मोठ्या सरींनी कोसळू लागला आहे, कारण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे पाणी जास्त आणि ते बाहेर जायला वेळ थोडा. बांध शाबूत असूनही शेत आतूनच बुडतं. बांधाच्या उंचीवर सगळे बोलतात, उघाडीच्या वेळेवर सहसा कुणी बोलत नाही.

या पट्ट्याला सभा नवीन नाहीत. 27 ऑक्टोबर 1933 ला अलिबाग तालुक्यातल्या चरी इथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांची सभा झाली आणि खोतांची जमीन न कसण्याचा संप सुरू झाला, तो 1939 पर्यंत चालला. जमीन कुणाची हा प्रश्न पुढे कायद्याने बराचसा मिटला. बांध कुणाचा हा मात्र लोंबकळत राहिला. पूर्वी खांड पडली की गाव पेंढा, चिखल, माणसं घेऊन त्याच ओहोटीत तिच्यावर पडायचं. 1948 आणि 1979 च्या खारजमिनींच्या कायद्यांनी शासन या कामात उतरलं. मग निधी, अंदाजपत्रक, निविदा आल्या. भरती काही निविदेसाठी थांबत नाही. तरुण मुंबई-पनवेलला गेल्याने चिखलात उतरणारे हातही उरलेले नाहीत, हेही खरं.

न्यायाचा मुद्दा इथे येतो. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. खारेपाटातल्या शेतकऱ्याचा वाटा त्याहून कमीच असणार. 2022 मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत, हवामानबदलाने होणाऱ्या नुकसानीसाठी जागतिक निधी मान्य झाला. पण तलाठ्याच्या पंचनाम्याचं काय? आपत्तींच्या केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, पूर, दुष्काळ, अगदी हिमस्खलनसुद्धा आहे. समुद्राचं उधाण महाराष्ट्राने आपल्या यादीत घातलं, हे चांगलं झालं. तरी मोजमाप उभ्या पिकाचं, 33 टक्क्यांहून अधिक हानी झाली तर. मे महिन्यात बांध फुटला तर शेतात पीकच नसतं. मग लिहायचं काय? पुढची काही वर्षं जमीन नापीक राहणार, याला त्या कागदावर रकानाच नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांचंही हेच झालं. नुकसान सुरुवातीला हेक्टरवर मोजलं, वाड्या मात्र गुंठ्यांच्या, आणि नवी पोफळ फळायला पाच-सात वर्षं घेणार.

कांदळवनाचा विषय निघाल्यावर सभेत थोडी गरमागरमी झाली. तिवर, चिपी लाटा मोडतात आणि बांधाची माती धरतात, यात वाद नाही. पण खांड वेळेत बुजवली नाही तर तीच झाडं शेतात उगवतात, आणि उच्च न्यायालयाच्या 2005 आणि 2018 च्या आदेशांमुळे त्यांना हात लावता येत नाही. सातबारा नावावर, शेत मात्र गेलेलं. मी कांदळवनाच्या बाजूचा आहे, तरीही किनाऱ्याच्या संरक्षणाची किंमत नेमकी ज्यांच्या बांधाकडे दुर्लक्ष झालं त्यांनीच मोजावी, हे मला पटत नाही.

शेवटी बायका विहिरींवर बोलल्या, आणि सभा पहिल्यांदा कामाचं ठरवू लागली. किनाऱ्याला जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. ढोबळ हिशेबाने गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. म्हणूनच पंपाने पातळी एक हात खाली नेली तर खालचं खारं पाणी कितीतरी पट वर चढतं आणि विहीर मचूळ होते. वाहकता मोजायचं पेनाएवढं मीटर शाळेत ठेवायचं, मुलांनी फेब्रुवारीपासून दर आठवड्याला प्रत्येक विहिरीचा आकडा फळ्यावर लिहायचा, आणि आकडा चढू लागला की त्या आळीचे पंप रात्री बंद, असं ठरलं. ज्यांची बोअर आहे त्यांनी लगेच होकार दिला नाही. पुढच्या सभेला त्यांनाच बोलवायचं आहे.