गटनिहाय संपादणूक (बेळगाव सीमाभाग)

सर्व मुलांना सारखेच प्रश्न, सारखाच वेळ आणि तपासणीची एकच पट्टी लावून घेतलेल्या चाचणीला प्रमाणित चाचणी म्हणतात. तिचे गुण मुलगे-मुली, ग्रामीण-शहरी, सामाजिक प्रवर्ग, सरकारी-खासगी अशा गटांत फोडून मांडले की गटनिहाय संपादणूक मिळते. सहावी ते आठवी या उच्च प्राथमिक टप्प्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : मराठी माध्यमाची मुले मागे पडतात का? राष्ट्रीय सर्वेक्षणांच्या जिल्हा-पत्रिकेत त्याचे सरळ उत्तर सापडत नाही, कारण तिथे गुणांची फोड माध्यमानुसार केलेली नसते.

सर्वांना एकच पेपर ही कल्पना या भागाला नवी नाही. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि सातवीला व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे देशी भाषेतली शेवटची परीक्षा, होती. लोक तिला ‘फायनल’ म्हणत, कानडी बोलणारे ‘मुलकी’. ती पास झालेला माणूस गावात शिकलेला ठरे आणि प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शके. पुढे शिक्षण हक्क कायद्याने (२००९) आठवीपर्यंत नापास करणे थांबवले आणि प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत बोर्डाची परीक्षा नको असे ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला पुन्हा नियमित परीक्षेची वाट मोकळी केली. कर्नाटकाने मार्च २०२३ मध्ये पाचवी-आठवीला राज्यपातळीवरचा पेपर दिला. सरकारी कागदात त्याचे नाव ‘मूल्यांकन’ होते, घराघरांत ‘बोर्ड’. उच्च न्यायालयाच्या एका न्यायपीठाने तो रद्द केला, दुसऱ्याने आठवड्याच्या आत मोकळा केला. पुढच्या वर्षी हीच ओढाताण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये निकालांना स्थगिती मिळाली. मुलांनी पेपर लिहिले, गुण अडकले.

आज या वयाच्या मुलांच्या वाट्याला येणाऱ्या चाचण्या दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात मुलाला स्वतःचे गुण कळतच नाहीत. १२ नोव्हेंबर २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (नॅस) तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी झाले; त्याच्या जागी आलेले ४ डिसेंबर २०२४ चे ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीसाठी. दोन्हींत शाळा नमुन्याने निवडतात आणि निकाल जिल्ह्याचा लागतो. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाची रीत आणखी वेगळी. ते फक्त ग्रामीण भागात, शाळेत न जाता घरोघर फिरून केले जाते, प्रत्येक जिल्ह्यातली ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे धरून. बेळगाव शहरातले मूल त्यात येतच नाही.

दुसऱ्या प्रकारच्या परीक्षा मुलाच्या नावावर लागतात. आठवीतली एनएमएमएस ही राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा त्यांपैकी मोठी : बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, आणि पात्र ठरल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ती फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांतील मुलांसाठी आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळांतली मुले इथे रांगेतच नसतात, त्यामुळे मराठी सरकारी शाळेतल्या मुलाची गाठ बहुधा आपल्यासारख्याच घरातल्या मुलाशी पडते. माध्यमांची तुलना करायचीच असेल तर या परीक्षेचा निकाल जिल्हा-पत्रिकेपेक्षा जास्त बोलका म्हणावा लागेल.

जिल्हा हा शब्दही इथे फसवा आहे. महसुली जिल्हा एकच असला तरी शिक्षण खात्याने त्याचे बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे केले आहेत, आणि दहावीच्या निकालाच्या क्रमवारीतही ते वेगवेगळे दिसतात. पहिल्यात खानापूर आणि बेळगाव तालुक्यांबरोबर सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगल हे जवळजवळ पूर्ण कानडी तालुके आहेत. दुसऱ्यात निपाणीबरोबर गोकाक, रायबाग. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४७.८ लाख होती आणि मराठी मातृभाषा सांगणारे पाचातले एकही भरत नव्हते. जिल्ह्याच्या सरासरीत खानापूरचे मराठी मूल सौंदत्तीच्या मुलात मिसळून जाते. बेळगावचा आकडा घेऊन सीमाभागाविषयी हळहळणारे आणि त्याच आकड्यावर छाती फुगवणारे, दोघेही मुळात दुसऱ्याच मुलांविषयी बोलत असतात.

माध्यमाचा गट वेगळा काढला तरी ‘मराठी मूल’ म्हणजे कोण हे ठरवणे सोपे नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात, घरची बोली कोकणीकडे झुकते. शहरात मराठी घरातले मूल इंग्रजी शाळेत, गल्लीत कानडी आणि शिकवणीला तिन्ही भाषांत वावरते. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. म्हणजे मराठी माध्यमातल्या सहावीच्या मुलाच्या दप्तरात मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्या असतात. हा बोजा की भांडवल, यावर घरोघरी वाद आहेत. नॅसमध्ये भाषेची चाचणी माध्यमाच्याच भाषेत होते, त्यामुळे मुलाने कन्नडवर घेतलेली मेहनत तिथे मोजली जात नाही.

अंकगणितात भाषा आणखी आतून शिरते. मराठीत ६९ ला ‘एकोणसत्तर’ म्हणायचे, म्हणजे पुढच्या दशकातून एक वजा करायचा. ५६ ला ‘छपन्न’, म्हणजे आधी सहा आणि मग पन्नास, तेही एकजीव झालेले. कन्नडमध्ये २१ ला ‘इप्पत्तोंदु’ : आधी वीस, मग एक, जसे लिहितो तसेच. तोंडी हिशेबात ऐकलेली संख्या कागदावर उतरवताना मराठी मुलाला अंकांची उलटापालट करावी लागते. लहान वर्गात हे जास्त जाणवते, सातवीपर्यंत सवय होते. पण दुकानात कानडीत आणि वर्गात मराठीत मोजणारे मूल घाईत ३६ चे ६३ लिहून गेले, तर तेवढ्यावरून त्याला गणित येत नाही असे म्हणता येणार नाही. शाब्दिक उदाहरणांचा प्रश्न वेगळा आहे. राज्याची पाठ्यपुस्तके सात माध्यमांत निघतात, त्यांत मराठी एक. एकच मजकूर इतक्या भाषांत न्यायचा म्हणजे वाक्य ताणले जातेच, आणि लांबलचक वाक्यात अडकलेले मूल भागाकारापर्यंत पोचतच नाही.

गटांच्या तुलनेत सर्वांत मोठी गफलत मात्र मुलांच्या बदल्यांतून होते. बेळगाव परिसरात मराठी शाळेतून इंग्रजीकडे जाणे वर्षानुवर्षे चालू आहे, आणि २०१९ पासून राज्याने १,००० सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केल्यावर त्यासाठी खासगी शाळेची फी भरावीच लागते असेही राहिले नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. मराठी तुकडीत पाच मुले, गुण ४०, ४५, ५०, ६०, ६५, सरासरी ५२. इंग्रजी तुकडीत पाच, गुण ६६, ७०, ७४, ८०, ८५, सरासरी ७५. आता मराठी तुकडीतली ६० आणि ६५ वाली दोन मुले इंग्रजीत गेली. कोणाचाही एक गुण हलला नाही, पण मराठीची सरासरी ४५ वर आली आणि इंग्रजीची ७१.४ वर. बाहेरून पाहणारा म्हणेल, दोन्ही तुकड्यांचे शिक्षण ढासळले. दहा मुलांची सरासरी आधी ६३.५ होती आणि नंतरही ६३.५ च राहिली. मराठी शाळांची पडझड सांगताना दिले जाणारे बरेच आकडे असेच असतात : ज्याला सोडता आले तो गेला, आणि जे राहिले त्यांच्या घरच्या परिस्थितीचा हिशेब माध्यमाच्या खात्यावर मांडला गेला.

लहान शाळांत टक्केवारी आणखी लहरी होते. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीच्या शाळेत सातवीला बारा मुले असली, तर एका मुलाच्या आजारपणाने उत्तीर्णांचे प्रमाण आठ टक्क्यांनी हलते. तिथे टक्के लिहिण्यापेक्षा ‘बारापैकी नऊ’ असे लिहिणारे मुख्याध्यापक जास्त खरे बोलतात.

चाचणी कोणत्या इयत्तेत घेतली यावरही श्रेय आणि दोष कोणाच्या पदरात पडणार हे ठरते. कर्नाटकातल्या अनेक सरकारी प्राथमिक शाळा सातवीला संपतात आणि आठवी हायस्कूलमध्ये भरते. नोव्हेंबर २०२१ मध्ये नॅसचा आठवीचा पेपर लिहिणारी बरीचशी मुले नव्या शाळेत नुकतीच आलेली होती. त्यांचे गुण हायस्कूलांच्या खात्यावर मांडले गेले, शिकवलेले मात्र गावातल्या प्राथमिक शाळेने. ‘परख’ने आठवी सोडून सहावी घेतल्यावर हा घोळ कमी झाला, पण त्या वर्षीच्या सहावीला दुसराच इतिहास होता. डिसेंबर २०२४ मध्ये सहावीत बसलेली मुले मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या तेव्हा, पहिलीत होती. २०२० मध्ये काही काळ ‘विद्यागम’ योजनेखाली शिक्षकांनी देवळात, ओसरीवर, झाडाखाली वर्ग भरवले आणि ऑक्टोबरमध्ये तेही थांबले. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले ते २५ ऑक्टोबर २०२१ ला. दुसरीचे सबंध वर्ष आणि तिसरीचे पहिले काही महिने या मुलांनी वर्गाबाहेरच काढले, मग माध्यम मराठी असो, कन्नड असो की उर्दू.