पाळीव प्राण्यांची उपशामक सेवा आणि जगण्याच्या गुणवत्तेचे मूल्यमापन

म्हातारपण आलेल्या किंवा बरा न होणारा आजार जडलेल्या पाळीव प्राण्याचे उरलेले दिवस कमीत कमी त्रासाचे जावेत, यासाठी केलेले वैद्यकीय उपचार व घरची शुश्रूषा म्हणजे उपशामक सेवा. प्राण्याचे जगणे त्याला कितपत सुसह्य आहे याची वेळोवेळी घेतलेली नोंद हा तिचाच भाग. उपचार सोडून देणे असा तिचा अर्थ होत नाही. हृदयविकार, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, संधिवात, कर्करोग यांची औषधे चालू असतानाच ती सुरू करता येते आणि जितकी लवकर सुरू होते तितकी उपयोगी पडते. पुष्कळ घरांत मात्र प्राण्याने अन्नपाणी सोडल्यावरच तिची आठवण होते, आणि तोवर हातात करण्यासारखे थोडेच उरलेले असते.

पार्श्वभूमी : या विचारामागे दोन प्रवाह आहेत. पहिला माणसांच्या वैद्यकातला. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह) सुरू केले आणि मरणासन्न रुग्णाच्या वेदनेकडे स्वतंत्रपणे पाहण्याची शिस्त वैद्यकात रुजत गेली. दुसरा प्रवाह शेतीच्या जनावरांचा. ब्रिटनमधील ब्रँबेल समितीच्या १९६५ च्या अहवालातून पुढे प्राणिकल्याणाची ‘पाच स्वातंत्र्ये’ (भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक) मांडली गेली. न्यूझीलंडचे डेव्हिड मेलर यांनी १९९४ मध्ये एका सहकाऱ्यासह ‘पाच क्षेत्रां’ची मांडणी केली. तिच्यात पोषण, परिसर, आरोग्य आणि वर्तन यांच्यासोबत प्राण्याला आतून काय वाटत असेल यालाही जागा मिळाली. हे महत्त्वाचे होते, कारण रक्ताच्या तपासण्या ठीक येऊनही प्राणी हालात असू शकतो. आजारी पाळीव प्राण्यांसाठीची सर्वांत परिचित मोजपट्टी अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडली. २००९ मध्ये या विषयाला वाहिलेली आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली.

मोजपट्टी आणि तिचा वापर : व्हिलालोबोस यांच्या मोजपट्टीत सात बाबी आहेत : वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का हा प्रश्न. प्रत्येकीला ० ते १० गुण (१० म्हणजे उत्तम स्थिती), एकूण ७०. बेरीज ३५ च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवणे योग्य, असे साधारणपणे मानतात. श्वासाचा त्रास यात वेदनेखालीच मोजला जातो आणि त्याला अग्रक्रम असतो. धाप लागणे हे दुखण्याइतकेच, किंबहुना त्याहून भयंकर असते.

बेरजेवर डोळे झाकून विसंबू नये. श्वासासाठी झगडणारा कुत्रा स्वच्छ असेल, थोडेफार खात असेल, मालकाला पाहून शेपूट हलवत असेल, तर बेरीज ३५ च्या वर जाईलही. पण त्याचे हाल त्या आकड्यात लपून जातात. म्हणून एखाद्या बाबीत गुण तळाला गेले तर तेवढ्यावरच पशुवैद्यांना गाठावे. एका दिवसाच्या आकड्यालाही फारसा अर्थ नसतो. आठवडेच्या आठवडे केलेल्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की उतार दिसतो. जो रोज सोबत असतो त्याला हळूहळू होणारा बदल जाणवत नाही. म्हणूनच घरातल्या दोघांनी एकमेकांना न दाखवता गुण द्यावेत आणि मग ते ताडून पाहावेत. आजाराच्या सुरुवातीलाच त्या प्राण्याच्या आवडीच्या चार-पाच गोष्टी लिहून ठेवणेही उपयोगाचे : दारात सामोरे येणे, ठरावीक खिडकीत बसणे, विशिष्ट खेळणे. यांतली एकेक कधी सुटली ते पुढे तारखेनिशी सांगता येते.

वेदना ओळखणे : मुका प्राणी दुखणे लपवतो, मांजर तर विशेषच. केकाटणे किंवा लंगडणे यांची वाट पाहत बसलो तर बहुतेक वेदना नजरेतून सुटतात. म्हाताऱ्या मांजराचा संधिवात कसा दिसतो ते पाहा. पूर्वी ते जमिनीवरून थेट ओट्यावर उडी मारायचे. आता आधी खुर्ची, मग ओटा. उतरताना क्षणभर थांबते, पुढचे पाय खाली सोडून अंदाज घेते. पाठीच्या शेवटच्या भागावरचे केस गुठळ्या होऊन विस्कटलेले राहतात, कारण वळून तिथवर चाटणे जमत नाही. नखे वाढून गालिच्यात अडकतात. मलमूत्राच्या ट्रेची कड उंच असेल तर ते ट्रेच्या बाहेरच उरकते आणि खोड म्हणून ओरडा खाते. बारा वर्षांवरील मांजरांच्या क्ष-किरण तपासणीत सुमारे ९० टक्के मांजरांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा आढळल्या होत्या. त्यामुळे ‘वय झालंय, म्हणून झोपून असतं’ हे वाक्य तपासणीशिवाय स्वीकारू नये. मांजराची गुरगुरही समाधानाचीच असते असे नाही. अत्यवस्थ मांजरही गुरगुरते.

अचानक उद्‌भवलेल्या दुखण्यासाठी माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरांच्या चेहऱ्यावरून वाचायची मोजपट्टी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळ्यांचे आकसणे, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची उंची या पाच खुणांना ० ते २ गुण देतात. १० पैकी ४ किंवा अधिक झाले तर वेदनाशामकाचा विचार करावा. कुत्र्यांसाठी ग्लासगो विद्यापीठात तयार झालेली वेदनेची मोजपट्टी वापरली जाते. दोन्ही मुख्यतः तीव्र वेदनेसाठी आहेत, वर्षानुवर्षांच्या सांधेदुखीला त्या पुऱ्या पडत नाहीत.

म्हाताऱ्या कुत्र्यात मेंदूची झीजही होते. कोपऱ्यात अडकून राहणे, रात्री येरझाऱ्या घालणे, ओळखीच्या माणसाला न ओळखणे, घरात लघवी करणे ही तिची लक्षणे असतात. मात्र तीच लक्षणे वेदनेमुळे किंवा दृष्टी गेल्यामुळेही दिसतात, तेव्हा आधी ती शक्यता तपासावी.

घरची शुश्रूषा : कुत्र्याला सर्वांत मोठा फरक पडतो तो निसरडी फरशी झाकल्याने. ज्या वाटेने तो पाण्याकडे आणि दाराकडे जातो त्या वाटेवर न सरकणाऱ्या चटया टाकल्या, की उठताना पाय फाकणे थांबते आणि चालायची भीती जाते. मांजराला कमी कडेचा ट्रे आणि आवडत्या उंचीपर्यंत पायऱ्या लागतात. उठू न शकणाऱ्या प्राण्याला जाड, मऊ अंथरूण द्यावे आणि काही तासांनी कूस बदलावी, नाहीतर नितंब व कोपरावर जखमा होतात. ओले अंग ताबडतोब कोरडे करावे. मूत्रपिंडाच्या आजारात मांजराला कातडीखाली सलाइन देणे पशुवैद्य शिकवतात आणि ते घरी जमते. हृदयरोगी कुत्रा गाढ झोपलेला असताना छातीचे वर-खाली होणे मिनिटभर मोजावे. श्वास वारंवार ३० च्या वर जाऊ लागले तर पशुवैद्यांना त्याच दिवशी कळवावे.

सांधेदुखीसाठी मेलॉक्सिकॅमसारखी दाहशामके, मज्जातंतूंच्या वेदनेवरचे गॅबापेंटिन आणि अलीकडे महिन्यातून एकदा टोचायची प्रतिपिंड-औषधे (वेदनेचा संदेश अडवणारी) उपलब्ध आहेत. माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस खाल्ले नाही तर यकृतात चरबी साचू लागते. सशाने तर अर्धा दिवस खाल्ले नाही तरी ती तातडीची वेळ समजावी.

दयामरणाचा निर्णय : नैसर्गिक मृत्यू शांतच येतो हा समज खरा नाही. मूत्रपिंड निकामी होऊन किंवा फुप्फुसांत पाणी भरून येणारे मरण वेदनेचे असू शकते. म्हणून कोणत्या टप्प्यावर थांबायचे हे पशुवैद्यांशी आधीच बोलून ठेवावे. मध्यरात्रीच्या धावपळीत घेतलेला निर्णय प्राण्यालाही सोसावा लागतो आणि माणसालाही. पद्धत अशी की, आधी गुंगीचे औषध देतात आणि प्राणी झोपल्यावर शिरेतून पेंटोबार्बिटल. काही मिनिटांतच हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा दीर्घ श्वास घेतल्यासारखे किंवा स्नायू फुरफुरल्यासारखे दिसते, लघवी होते. या हालचालींच्या वेळी प्राण्याला जाणीव नसते, हे घरच्यांना अगोदर सांगायलाच हवे.

सांभाळणाऱ्यावरचा भार : आजारी प्राणी सांभाळणाऱ्यांत ताण आणि नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात, असे अमेरिकेत झालेल्या २०१७ च्या एका अभ्यासात दिसले. रात्रीची जाग, दिवसातून चार वेळा औषध, प्रत्येक गोळीसाठी झटापट आणि खर्च यांतून हा भार येतो. तो पशुवैद्यांना स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. कोणते औषध बंद केले तर चालेल, कोणते पातळ स्वरूपात किंवा कानाच्या आतल्या कातडीला लावायच्या मलमातून देता येईल, किती वेळा देणे पुरेल, हे ठरवून औषधांची यादी छोटी करता येते. अशी झटापट थांबली की लपून बसणारे मांजर पुष्कळदा पुन्हा जवळ येऊ लागते.