राखेचं ग्लेझ आणि लीचच्या सावलीतली बाई

प्रदर्शनात राखेच्या ग्लेझचे (ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर) शेवाळी-तपकिरी ओघळवाले मग दिसतात, किंमत बघून लोक म्हणतात "एवढं काय आहे यात?", तर त्यासाठी जरा मागे जायला लागेल.

चीनमध्ये शांग काळात, म्हणजे साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी, भट्ट्या बाराशे डिग्रीच्या आसपास तापायला लागल्या आणि लाकडाची राख जाळाबरोबर उडून भांड्यांच्या खांद्यावर बसायला लागली. राखेत चुना आणि पोटॅश असतो, त्यामुळे मातीतलं सिलिका वितळतं आणि गार झालं की वर काच. म्हणजे राखेचं पहिलं ग्लेझ कुणी लावलंच नव्हतं, मग कुंभारांच्या लक्षात आलं आणि ते मुद्दाम राख कालवून लावायला लागले. जपानमध्ये ही जास्त तापणारी भट्टी 5व्या शतकात कोरियाकडून आली, 9व्या शतकात तिथल्याच सानागे भागात मुद्दाम राख लावलेली भांडी बनायची.

स्टुडिओ पॉटरी (कारखान्यात नाही, तर कुंभाराने स्वतः हाताने घडवलेली भांडी) म्हटलं की सगळे इंग्लिश कुंभार बर्नार्ड लीचचं नाव घेतात. ठीक आहे, 1920 ला जपानी कुंभार हमादा शोजीबरोबर इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जला त्यानेच स्टुडिओ टाकला, पण राखेवर खरी मेहनत कुणी घेतली विचाराल तर माझं मत कॅथरीन प्लायडेल-बूव्हरीला. 1924 मध्ये ती लीचकडे शिकली आणि मग इंग्लंडमध्येच कोलशिलच्या घरच्या इस्टेटीवर स्वतःची लाकडाची भट्टी बांधली, 1928 पासून नोरा ब्रेडन ही दुसरी कुंभार सोबतीला. दोघींनी आवारातली झाडं, झुडपं, गवत वेगवेगळं जाळून प्रत्येकाची राख वेगळी लावून बघितली. कारण गवत, बोरू, भाताचा पेंढा यांत सिलिका भरपूर, ग्लेझ घट्ट आणि दुधाळ होतं, आणि झाडाच्या लाकडात चुना जास्त म्हणून ते पातळ होऊन पळतं. घरची इस्टेट होती म्हणून विकायची घाई नव्हती हेही खरंच, पण वह्या भरभरून नोंदी ठेवणं हे पैशाने होत नाही.

काम मात्र कंटाळवाणं आहे. राख चाळायची, पाण्यात भिजवायची, वरचं निसरडं पाणी ओतून द्यायचं (हात चरचरतात, ग्लोव्ह्ज घाला), परत पाणी, परत ओता, मग वाळवा. सुरुवातीला दोन भाग राख, दोन भाग फेल्स्पार (एक खनिज) आणि एक भाग माती असं प्रमाण धरतात, पुढे ज्याची त्याची भट्टी आणि नशीब.

आपल्याकडे लोणच्याच्या बरण्या स्टोनवेअरच्याच (जास्त तापवून दगडासारखी घट्ट झालेली माती), पण त्या कारखान्यातल्या. हाताने बनवणारी स्टुडिओ लाइन वेगळी. कुंभार गुरचरण सिंग 1919 ला जपानला जाऊन लीच-हमादा मंडळींना भेटून आले, 1971 मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी काढली आणि तिथून शिकून गेलेले आज देशभर आहेत. आणि आपल्या कुंभार निर्मला पटवर्धन, शांतिनिकेतनात शिकलेल्या, लीचकडेही काम केलेल्या, त्यांनी तर ग्लेझच्या रेसिपी लपवून न ठेवता पुस्तकातच छापून टाकल्या.