तिसरा किलोवॅट घ्यायचा का?

सोलरवाला घरी आला की आधी जिना चढतो. गच्ची पावलांनी मोजतो आणि म्हणतो, "काका, पाच किलोवॅट आरामात बसेल." बसेल की! एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, आणि आमच्या सांगलीकडे बंगल्याची गच्ची पाच-सहाशे फुटांची असतेच. पण गच्चीवर किती मावतं आणि घराला किती लागतं, हे दोन वेगळे प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर टीव्हीखालच्या खणात कोंबलेल्या वीजबिलांमध्ये असतं.

बारा महिन्यांची बिलं काढून फक्त युनिटांचा रकाना बघा. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: 100 युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा आणि त्यापुढे चौथा. वीज आकार, वहन आकार आणि वर 16 टक्के वीज शुल्क असं सगळं धरलं, तर पहिल्या टप्प्यातलं युनिट साधारण सहा-सात रुपयांना पडतं आणि दुसऱ्या टप्प्यातलं बारा-तेरा रुपयांना. म्हणजे एकाच घरात, एकाच तारेतून येणारी वीज महिन्याच्या सुरुवातीला स्वस्त आणि नंतर दुपटीने महाग.

नेट मीटर बसला की तुम्ही घेतलेली युनिटं आणि तुम्ही दिलेली युनिटं यांची वजाबाकी होते आणि बिल उरलेल्या युनिटांवर निघतं. ही वजाबाकी आपोआप वरच्या टप्प्यापासून होते. सोलर आधी महाग युनिटं खातं, स्वस्त युनिटं शेवटी. पहिला किलोवॅट जेवढे पैसे वाचवतो, तेवढे तिसरा वाचवत नाही, त्याचं कारण हेच.

महिन्याला सरासरी 300 युनिटं लागणारं घर घेऊ. आपल्याकडे एक किलोवॅट महिन्याला साधारण 120 युनिटं देतो. दोन किलोवॅटचे झाले 240. त्यातली 200 युनिटं बारा-तेरा रुपयांची आणि उरलेली 40 स्वस्तातली. महिन्याची बचत अठ्ठावीसशेच्या आसपास. दोन किलोवॅटचा खर्च सव्वा-दीड लाख धरा. 'पीएम सूर्यघर' योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये अनुदान मिळतं. ते वजा केलं की सत्तर-ऐंशी हजार आपल्या खिशातले, आणि ते अडीच वर्षांच्या आत सुटतात.

आता तिसरा. त्याला अनुदान फक्त 18,000, म्हणजे खिशातून चाळीसेक हजार जातात. बदल्यात तो उरलेली 60 स्वस्त युनिटं वाचवतो, आणि आणखी 60 जास्तीची तयार करतो. ही जास्तीची युनिटं खात्यावर पुढे सरकत राहतात, पण 31 मार्चला हिशेब बंद होतो आणि शिल्लक युनिटं कंपनी बऱ्याच कमी दराने घेते. तिसऱ्या किलोवॅटचे पैसे फिटायला मग सहा-सात वर्षं लागतात. पॅनेलची हमी 25 वर्षांची असते, तेव्हा हा व्यवहारही तोट्याचा नाही. पण "तीन घ्या, पूर्ण 78,000 अनुदान मिळतंय" हे वाक्य ऐकताना त्यातले शेवटचे 18,000 कशासाठी आहेत ते माहीत असावं. तीन किलोवॅटच्या पुढे घरगुती ग्राहकाला वाढीव अनुदान नाही.

हिशेब उलटा फिरतो तो एसीमुळे. दीड टनाचा एसी तासाला एक-दीड युनिट घेतो. रात्री सहा तास चालला की उन्हाळ्यात महिन्याचा आकडा तीनशेच्या वर जातो, आणि तिथला दर आणखी महाग. पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक स्कूटर किंवा एसी घ्यायचा विचार पक्का असेल, तर तिसरा किलोवॅट आत्ताच घ्यावा. नुसतंच "असू द्या" म्हणून घेऊ नये. फ्लॅटवाल्यांचं गणित वेगळं आहे, कारण गच्ची सोसायटीची. तिथे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायटीला किलोवॅटमागे 18,000 मिळतात.

पैशांबाबत दोन गोष्टी. अनुदान नंतर येतं, यंत्रणा सुरू होऊन तपासणी झाल्यावर, थेट आपल्या बँक खात्यात. आधी सगळी रक्कम आपण भरायची. तीन किलोवॅटपर्यंत सरकारी बँका दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात, व्याज 6 टक्क्यांच्या आसपास. आणि अर्ज ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्याच्याच नावाने होतो. आमचं बिल वडिलांच्या नावावर येत होतं. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. आमच्याच आळसात दीड महिना गेला. पॅनेलही भारतात बनवलेल्या सेलचेच हवेत; सेल म्हणजे पॅनेलमधल्या, उजेडापासून वीज करणाऱ्या चकत्या. बाहेरच्या सेलचे स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर अनुदान नाही.

यंत्रणा सुरू झाली, आणि पहिल्याच मे महिन्यात भर दुपारी वीज गेली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि घरात पंखा बंद. बायको म्हणाली, "वर कारखाना बसवलाय ना? मग?" मला आधी ठाऊक असूनही उत्तर देताना ओशाळल्यासारखं झालं. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करून बाहेरच्या तारेशी जोडणारं यंत्र म्हणजे ऑन-ग्रिड इन्व्हर्टर. त्यात बॅटरी नसते, आणि त्याला बाहेरच्या विजेचा ठेका लागतो. सेकंदाला 50 वेळा हेलकावणारा तो प्रवाह दिसेनासा झाला की इन्व्हर्टर स्वतःला क्षणार्धात बंद करून घेतो. बंद केलं नाही, तर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेईल. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. खर्च बराच वाढतो. ज्यांच्याकडे रोज तासन्‌तास भारनियमन असतं त्यांनीच त्यात पडावं, असं माझं मत.

त्याच मे महिन्यात आणखी एक भ्रम गेला. कडक ऊन म्हणजे जास्त वीज, असं आपण धरून चालतो. सिलिकॉनचा सेल मात्र उजेडावर चालतो, उष्णतेने उलट तो सुस्तावतो. पॅनेलवर छापलेले वॅट 25 अंश तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्यात पॅनेल 65 अंशांपर्यंत तापतं, आणि 25 च्या वर दर अंशामागे सुमारे 0.35 टक्के वीज घटते. 40 अंशांचे झाले 14 टक्के. म्हणूनच इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर फेब्रुवारी-मार्चचे काही दिवस मे महिन्यापेक्षा सरस दिसतात. पॅनेल गच्चीला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल अशी उंच ठेवतात, त्यामागे हेही एक कारण आहे. तापलेल्या काचेवर गार पाणी मात्र मारू नका. धुणं सकाळी लवकर, आणि बोअरचं पाणी असेल तर नंतर पुसून घ्यायचं, नाहीतर क्षारांचे डाग बसतात.

नोव्हेंबरात आमचं उत्पादन घसरलं. आकाश निरभ्र, पॅनेल धुतलेली, तरी दुपारी तीननंतर आलेख कड्यावरून पडल्यासारखा खाली. वर जाऊन पाहिलं तर पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर आली होती. जेमतेम दोन वीत. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. बागेतल्या नळीवर कुठेही पाय पडला की शेवटची धार मंदावते, तसं एका झाकलेल्या सेलमुळे त्याच्या ओळीतला सगळा प्रवाह अडतो. अडलेल्या भागाला वळसा घालायला पॅनेलच्या मागे बहुधा तीन डायोड असतात, पण वळसा घातला की त्या पॅनेलचा तिसरा हिस्सा बाद.

बसवणारे जूनमध्ये आले होते, तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि सावली टाकीच्या पायाशी. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो आणि दुपारनंतर नैर्ऋत्येला येतो. टाकीही नैर्ऋत्येलाच, कारण घर बांधताना वास्तुशास्त्र पाहून ठेवलेली. एजन्सीचा माणूस म्हणाला, भरपाईला अजून दोन पॅनेल टाकू. मी प्लंबरला बोलावलं. टाकी उत्तरेच्या भिंतीला सरकवायला पाइपांसकट चार हजार लागले, आणि तीननंतरची वीज परत आली. आई मात्र अजून नाराज आहे. घरात कुणाला साधी सर्दी झाली तरी ती आधी गच्चीकडे बघते.