क्षारपड जमीन

विरघळणारे क्षार किंवा मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम वाढल्याने नापीक झालेली जमीन. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूर भागात अशा रानाला ‘मीठ फुटलं’ म्हणतात. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरा थर दिसतो, पायाखाली तो कुरकुरतो.

कारण बहुधा पाणीच. बेसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या भारी जमिनीत निचरा मंद असतो. उपसा सिंचन आले, बारमाही ऊस उभा राहिला, पाटाने मोकाट पाणी सुटू लागले. भूजल वर चढले. ते मातीतील केशनलिकांतून (केसासारख्या बारीक पोकळ्यांतून) पृष्ठभागाशी येऊन उडून जाते, मीठ तेवढे मागे राहते. विदर्भातील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा यापेक्षा वेगळा. तिथला खारेपणा मुळातच मातीत आणि भूजलात आहे.

मातीच्या अर्काची विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरहून अधिक असेल, पण सामू (आम्ल-विम्लतेचा अंक, pH) ८.५ च्या आत आणि विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेला सोडियम १५ टक्क्यांखाली असेल, तर जमीन क्षारयुक्त. सोडियम १५ टक्क्यांवर आणि सामू ८.५ च्या पुढे गेला, क्षार मात्र कमी असले, तर ती चोपण. दोन्ही दोष एकत्र असलेली क्षारयुक्त-चोपण जमीनही आढळते. क्षारयुक्त रानात ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, पीक पाण्यात उभे राहून तहानलेले राहते. चोपण रानाचे दुखणे अधिक खोल आहे. सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात. पावसात चिखल, उन्हात दगड. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, म्हणून येतच नाही.

घेवडा आणि हरभरा सर्वांत आधी मान टाकतात. उसाच्या पानांचे शेंडे करपतात, फुटवे घटतात, गूळ खारट लागतो. कापूस आणि बार्ली बरेच सोसतात. शेवटी वेडी बाभूळ माजते आणि सातबाऱ्यावरचे बागायत रान प्रत्यक्षात पड राहते.

चोपण जमिनीला जिप्सम हे कॅल्शियमयुक्त खनिज देतात. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला हवा. म्हणून निचऱ्याची वाट नसताना नुसते जिप्सम टाकणे म्हणजे पैसा मातीत घालणे. निचऱ्यासाठी सुमारे एक मीटर खोल, गाळणी गुंडाळलेले सच्छिद्र पाईप जमिनीत पुरतात आणि पाणी ओढ्याला काढून देतात. हे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. वरच्या रानाचे पाणी खालच्याच्या बांधात झिरपते, आणि मुख्य पाईप शेजाऱ्याच्या शेतातून नेल्याशिवाय ओढा गाठता येत नाही. अख्खे शिवार एकत्र यावे लागते. निचरा सुरू झाल्यावर आधी धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडतात. उसाची घाई तेव्हा करू नये, आणि पुढे ऊस लावलाच तर पाणी ठिबकनेच द्यावे.