चाक एकदा, शाफ्ट चारदा: फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या थरथरीचा माग

ताशी ८० किलोमीटरच्या आसपास गाडीचा तळ झिणझिणू लागतो आणि वेग थोडा वाढवला की ती झिणझिण निघून जाते, अशी तक्रार घेऊन फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी गॅरेजमध्ये गेली की बहुधा ठरलेल्या क्रमाने खर्च सुरू होतो. आधी व्हील बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग शॉकअप, मग जॉइंटचे क्रॉस (शाफ्टच्या जोडातले अधिकच्या चिन्हासारखे तुकडे), आणि तरीही गाडी थरथरतच राहिली तर ‘या गाड्यांचे असे चालायचेच’ असा निर्वाळा मिळतो. यातला कोणताही भाग खरोखर दोषी असू शकतो, पण तो बदलण्याआधी त्याची झडती घेता येते आणि त्यासाठी लागणारे गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचे नाही. फिरणारा प्रत्येक भाग आपल्या फेऱ्यांच्या हिशोबानेच थरथर निर्माण करतो. म्हणून थरथर कोठे जाणवते यापेक्षा ती सेकंदाला किती वेळा होते, हे आधी पाहायला हवे.

उदाहरणासाठी २५५/६५ आर १८ या मापाचा टायर घेऊ. २०२० पासूनच्या महिंद्रा थारवर हे माप मिळते. हा टायर रस्त्यावर एका फेरीत साधारण २.४ मीटर अंतर कापतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, त्यामुळे या वेगाला चाकाच्या सेकंदाला सव्वानऊ फेऱ्या होतात. डिफरन्शियल म्हणजे अक्षावरची गिअरपेटी; तिच्यातील क्राउनला (मोठ्या दातेरी चाकाला) ४१ आणि पिनियनला (लहान चाकाला) १० दाते आहेत असे धरले, तर चाकाच्या एका फेरीत इंजिनाकडून अक्षाकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या ४.१ फेऱ्या होतात. म्हणजे शाफ्ट सेकंदाला सुमारे ३८ वेळा फिरतो. शाफ्टच्या टोकांना असलेले क्रॉस प्रत्येक फेरीत दोनदा धक्का देतात, त्यांचा आकडा ७६. क्राउन-पिनियनचे दाते एकमेकांत गुंततात ते सेकंदाला ३८० वेळा.

हे आकडे हाताशी आले की लक्षणांची भाषा उलगडू लागते. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २० कंपांच्या, खालचे ऐकू शकत नाही. त्यामुळे चाकाची सव्वानऊ हर्ट्झची थरथर कधी ऐकू येत नाही, ती स्टिअरिंगवरच्या हातांना किंवा बसलेल्या अंगाला जाणवते आणि गिलासातले पाणी हलते. शाफ्टचे ३८ हर्ट्झ सीमेवरचे आहेत, तळपायाला झिणझिण्या आणि कानाला दडपण असे त्यांचे दुहेरी रूप असते. क्राउन-पिनियनचे ३८० हर्ट्झ मात्र कंप म्हणून क्वचितच जाणवतात, तो सरळ एक स्वर असतो. गिऱ्हाईक ‘हलते’ म्हणतो की ‘वाजते’ म्हणतो, एवढ्यावरून निम्मे संशयित बाजूला काढता येतात.

चाकापासून सुरुवात करणे योग्यच आहे, कारण तिथला दोष सर्वात सामान्य आणि सर्वात स्वस्त असतो. पावसाळ्यात चिखलात गाडी घालून आलेल्या हौशी चालकांच्या रिमच्या आतल्या बाजूला मातीचा थर वाळून बसतो. एका जागी १०० ग्रॅम माती चिकटली, तर ताशी ८० किलोमीटरला ती चाकाला जवळजवळ ८ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते आणि या ओढीची दिशा चाकाबरोबर फिरत राहते. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी रिम आतून धुणे हा उपाय इतका साधा आहे, की तो सुचवायलाही कोणाला सुचत नाही. मग वेग वाढल्यावर थरथर कमी का होते? गाडीचे चाक आणि अक्ष हे स्प्रिंगा व टायर यांच्यामध्ये टांगलेले असतात आणि त्यांची स्वतःची डोलण्याची लय साधारण १० ते १५ हर्ट्झची असते. चाकाच्या फेऱ्या त्या लयीशी जुळल्या की झोका वाढतो, आणि लय ओलांडली की जोर वाढूनही झोका आटोक्यात येतो. बॅलन्सिंगच्या यंत्राची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी: ते वजनाचा तोल सांगते, टायरचा लंबगोलपणा त्या आकड्यात दिसत नाही. तोल शून्यावर आलेला टायरही वाकड्या रिममुळे गाडी उडवू शकतो.

चाक निर्दोष ठरले की रस्त्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. थरथर गाडीच्या वेगाशी बांधलेली आहे, इंजिनच्या फेऱ्यांशी, की यंत्रणेवर पडणाऱ्या ओढीशी? मोकळ्या, सपाट रस्त्यावर इंजिन चालूच ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि थरथर तशीच राहिली, तर इंजिन व क्लच संशयातून सुटले. उभ्या गाडीत रेस केल्यावरही तीच थरथर आली, तर शाफ्ट आणि चाके संशयातून सुटली, आणि इंजिनच्या फाउंडेशनचे रबर पाहावे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येते आणि सोडल्यावर जाते अशी थरथर असेल, तर जॉइंटचे कोन आणि गिअरचे दाते संशयित ठरतात. यात एक फसवी जागा आहे. अनेक गाड्यांचा चौथा गिअर एकास एक प्रमाणाचा असतो. त्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट सारख्याच गतीने फिरतात, आणि दोघांपैकी दोषी कोण हे आकड्यांवरून कळणे अशक्य होते. वेग तोच ठेवून पाचवा किंवा तिसरा गिअर टाकला, की दोघांची फारकत होते.

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण उंच केलेल्या गाड्यांचे बहुतेक दुखणे तिथेच असते. या जोडाशी सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्डानो आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक या दोघांची नावे जोडली गेली आहेत. दोन शाफ्ट एकमेकांशी कोन करून असले तरी फिरवण्याची शक्ती या जोडातून पलीकडे जाते, पण ती सरळ जात नाही. अलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत असला, तरी पलीकडचा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार सुमारे दीड टक्क्याचा असतो आणि २० अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो. कोन दुप्पट, त्रास चौपट. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक जोड बसवतात आणि पहिल्याने केलेली गडबड दुसऱ्याने निस्तरावी अशी योजना करतात. हे निस्तरणे तेव्हाच जमते, जेव्हा दोन्ही टोकांचे कोन सारखे असतात आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे (क्रॉस धरणारी दुबेळकी) एकाच पातळीत असतात.

या दोन्ही अटी माणसाच्या हातून सहज मोडतात. कच्च्या रस्त्यासाठी गाडी पाच सेंटिमीटरने उचलली आणि शाफ्ट ९० सेंटिमीटरचा असला, तर त्याचा तिरकेपणा साधारण तीन अंशांनी वाढतो. ते करताना अक्षाच्या बाजूला चुकीची पाचर बसली, तर दोन टोकांच्या कोनांचा मेळ जातो. दुसरी चूक याहून निरागस असते. ग्रीस भरण्यासाठी किंवा क्रॉस बदलण्यासाठी शाफ्टचा सरकता भाग ओढून वेगळा केला जातो, आणि परत बसवताना एखादी खाच इकडेतिकडे होते. मग दोन काटे एका पातळीत राहत नाहीत आणि नव्या क्रॉससह गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. शाफ्टवर बाणाच्या खुणा याचसाठी असतात. त्या नसतील तर उघडण्याआधी रंगाची एक रेघ मारून ठेवायला दोन मिनिटे पुरतात.

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला शक्ती वाटून देणारी पेटी), पुढचा शाफ्ट आणि पुढचे डिफरन्शियल अशी आणखी एक शाखा असल्यामुळे संशयित वाढतात हे खरे. पण त्यातल्या एका आवाजाला आधी निर्दोष सोडून द्यावे. साध्या पार्ट-टाइम रचनेत (जिथे पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसते) ४एच, म्हणजे चारही चाकांना शक्ती देणारा पर्याय, टाकला की पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. गाडी वळताना मात्र पुढच्या अक्षाला जास्त अंतर कापावे लागते. चाकांच्या दोन अक्षांमध्ये २.४५ मीटर अंतर असलेल्या गाडीचा मागचा अक्ष सहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरला, तर पुढच्याला पूर्ण फेरीत तीन मीटर जास्त जावे लागते. मातीत चाके घसरून हा हिशोब चुकता करतात, डांबरावर तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो आणि टायर अचानक घसरला की धक्क्यासह सुटतो. वळताना गाडी अडखळणे, टायर कुरकुरणे, लिव्हर अडकणे हा यंत्राचा दोष नसून कोरड्या रस्त्यावर ४एच वापरण्याचा परिणाम असतो. मात्र पुढच्या आणि मागच्या टायरांच्या नक्षीत पाच मिलिमीटरचा फरक असेल, तर सरळ रस्त्यावरही असाच पीळ चढतो. दोनच नवे टायर घेण्याची काटकसर इथे महागात पडते.

याच जादा शाखेमुळे तपासाची एक सोय मिळते, जी साध्या गाडीत नाही. अर्धी यंत्रणा बाजूला ठेवून गाडी चालवता येते. मोकळे होणारे हब (पुढची चाके यंत्रणेपासून सोडवणारे भाग) असलेल्या गाडीत टूएच, म्हणजे फक्त मागच्या चाकांना शक्ती देणारा पर्याय, टाकून हब सोडले, की पुढचा शाफ्ट थांबतो. थरथर गेली तर ती तिथलीच होती. उलट तपासासाठी मागचा शाफ्ट काढून ४एच मध्ये केवळ पुढच्या चाकांवर थोडे अंतर जाता येते, पण हे जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करावे. मधले डिफरन्शियल असलेल्या गाडीत ते लॉक केल्याशिवाय गाडी हलणारच नाही, आणि जुन्या विलीस घडणीच्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला शाफ्टवर लागत असल्यामुळे शाफ्ट काढताच तो मागची चाके रोखू शकत नाही.

आवाजाच्या बाबतीत कानावर फार विसंबू नये. ३८ हर्ट्झच्या ध्वनीची लांबी नऊ मीटर असते, म्हणजे आख्ख्या गाडीपेक्षा जास्त, आणि तो कोणत्या बाजूने आला हे केबिनमध्ये बसून कळू शकत नाही. वरच्या स्वरांत वेगळी फसगत होते. जाड नक्षीच्या मड-टेरेन टायरला परिघावर ४० ठोकळे असतील, तर ताशी ८० ला ते सेकंदाला ३७० वेळा रस्त्यावर आपटतात. आपल्या डिफरन्शियलचा स्वर ३८० चा होता! इतक्या जवळच्या स्वरांचा घोळ कानाने सुटत नाही, पण उजव्या पायाने सुटतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर स्वर बदलला तर तो गिअरचा. सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरावर येताच बदलला तर टायरचा. दोन्हींना दाद न देणारी घूं-घूं गाडी किंचित डावीकडे वळवल्यावर वाढली, तर वजन पडलेल्या उजव्या बाजूच्या चाकाचे बेअरिंग पाहावे.

मोबाइलमधील कंपमापक आता हे मोजण्याचे काम बरेच सोपे करतो. फोन डॅशबोर्डवर न ठेवता सीटच्या लोखंडी रुळावर घट्ट बसवावा. एकच सावधगिरी हवी: फोन सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर त्याला ५० हर्ट्झपर्यंतचेच खरे दिसते, आणि क्रॉसचे ७६ हर्ट्झ पडद्यावर २४ (१०० वजा ७६) हर्ट्झ म्हणून उमटू शकतात. आकडा कशाशीच जुळेना, तर हे वजाबाकीचे सोंग आधी तपासावे.

एक थरथर मात्र या सगळ्या मोजणीला जुमानत नाही. जिप्सी किंवा जिम्नीसारख्या, पुढे सलग अक्ष असलेल्या गाड्यांत एखादा खड्डा लागताच स्टिअरिंग डावी-उजवी इतक्या जोरात फडफडू लागते की हातात धरवत नाही, आणि वेग बराच कमी केल्याशिवाय ते थांबत नाही. इथे चाकाच्या फेऱ्या फक्त निमित्त असतात. झिजलेले बुश, टाय रॉडची ढिली टोके आणि किंग पिनचे (चाक ज्यावर डावे-उजवे वळते त्या खुंटीचे) सैल बेअरिंग यांतल्या मोकळीकीत चाके स्वतःच्या लयीने झुलतात आणि गाडीच्या पुढे जाण्यातूनच त्या झुलण्याला शक्ती मिळत राहते. नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा भाग) बसवला की काही महिने बरे वाटते, कारण तो ढिलाई झाकतो. ती शोधायची तर गाडी जमिनीवर चाकांवर उभी असताना एकाने स्टिअरिंग थोडेथोडे इकडेतिकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक जोडावर बोट ठेवून पाहावे. ज्या जोडाच्या दोन बाजू एकाच क्षणी हलत नाहीत, ढिलाई तिथे आहे.